वकट, लेंड, मूंड: तमिळ की तेलुगू?

प्रश्न असा आलाय: “लहानपणी विटीदांडू खेळताना आम्ही वकट, लेंड, मूंड, नाल असे आकडे म्हणायचो. कुणी सांगतं ते तमिळ, कुणी म्हणतं तेलुगू. मला तर दोन्ही भाषा ऐकायला सारख्याच वाटतात. त्यांच्यात फरक तरी काय?”

उत्तर आधीच देऊन टाकतो: तेलुगू. आणि ते कशावरून, हे बघताना तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही बरंचसं काम होऊन जाईल.

ज्यांनी विटीदांडू फक्त चित्रात पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. विटी जिथे पडेल तिथपासून खळग्यापर्यंतचं अंतर दांडूनं मोजताना हे आकडे म्हणायचे. मोजणी ज्या आकड्यावर संपेल, त्यावरून पुढचा टोला कसा मारायचा ते ठरायचं. आता तेलुगूतले एक ते चार बघा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. बोलीतली तमिळ: ओण्णु, रेंडु, मूणु, नालु. शेजारची कन्नडही घेऊ: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.

लेंड आणि नाल यांच्यावरून काहीच सिद्ध होत नाही, ते तमिळमधूनही येऊ शकले असते. निकाल लागतो तो ‘वकट’वर. एकासाठीच्या शब्दात ‘ट’ आहे तो फक्त तेलुगूत. शिवाय तेलुगू माणूस सुरुवातीचा ‘ओ’ नुसता म्हणत नाही, त्याला व चिकटवून ‘वोकटि’ म्हणतो. म्हणजे आपला वकट ऐकलेल्या उच्चाराशी अगदी तंतोतंत जुळतो. ‘मूंड’मधला ड सुद्धा तेलुगूचाच. राहिला त्यातला अनुस्वार, जो आजच्या ‘मूडु’त ऐकू येत नाही. पण जुन्या तेलुगू लेखनात ‘मू’च्या पुढे अर्धानुस्वार लिहीत. त्याला म्हणतात अरसुन्ना: अर म्हणजे अर्धा, सुन्ना म्हणजे शून्य, आणि चिन्हही तसंच, अर्ध्या वर्तुळाचं. तेलुगूच्या बोलण्यातून नाहीसा झालेला हा नाकातला सूर आपल्या पोरांनी विटीच्या मागे धावताना टिकवून ठेवला असावा, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, पण मला तो फार आवडतो.

आता ‘सारख्याच वाटतात’ याविषयी. आपल्याकडे दक्षिणेतल्या चारही भाषांना सरसकट ‘यंडुगुंडु’ म्हणून मोकळं व्हायची जुनी खोड आहे. मी वाढलो सोलापुरात. तिथे पूर्व भागातल्या पद्मशाली वस्तीत मागांच्या खडखडाटासोबत तेलुगू कानावर पडत गेली. ती येते असं म्हणायचं धाडस करणार नाही, पण कळते. या भांडवलावर नोकरीसाठी चेन्नईला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडलो. सोबत एक मित्र होता. रिक्षावाल्यानं विचारलं, “उंग वीडु एंग?” मी ऐकला फक्त ‘वीडु’. तेलुगूत वीडु म्हणजे ‘हा’, तेही जरा एकेरीतला, ‘हा गडी’. मला वाटलं, तो मित्राची चौकशी करतोय. म्हणून मी उत्साहानं मित्राची ओळख करून दिली. तमिळमध्ये वीडु म्हणजे घर. तो बिचारा एवढंच विचारत होता की तुमचं घर कुठे आहे. आणि तेलुगूत घराला म्हणतात इल्लु, जे ऐकून तमिळ माणसाला ‘इल्ल’, म्हणजे ‘नाही’, आठवतं. तसंच ‘सोल्लु’. तमिळमध्ये त्याचा अर्थ ‘सांग’, तेलुगूत लाळ, आणि त्यावरून वायफळ बडबड.

मग शब्द जुळतात ते कसे? त्यात एक गंमत सापडते. तमिळमध्ये औषधाला मरुंदु, तेलुगूत मंदु. मेजवानीला विरुंदु, तेलुगूत विंदु. डाळीला परुप्पु आणि पप्पु, चपलेला सेरुप्पु आणि चेप्पु, बैलाला एरुदु आणि एद्दु. मधला ‘रु’ तेलुगूनं गिळून टाकला. हैदराबादच्या खाणावळीत पानात पडणारं पप्पु आणि चेन्नईच्या वाणसामानाच्या यादीतलं परुप्पु हा मुळात एकच शब्द आहे हे कळल्यावर मी आठवडाभर अशाच जोड्या जुळवत होतो.

तेलुगूची दुसरी खोड म्हणजे सुरुवातीच्या स्वराला जागेवरून हलवण्याची. तमिळ अवन् (तो), तेलुगू वाडु. इवन् (हा), तेलुगू वीडु, ज्यानं माझी फजिती केली तोच. उखळाला तमिळमध्ये उरल्, तेलुगूत रोलु. सुरुवातीचा स्वर आणि पुढचं व्यंजन यांनी जागा बदलल्या की शब्द ओळखू येईनासा होतो. आणि ‘तमिळ’ या शब्दातला जो प्रसिद्ध शेवटचा वर्ण, ज्याला आपण नाइलाजानं ‘ळ’ लिहितो (तमिळ, कळघम), तिथे तेलुगूत बऱ्याचदा ‘ड’ येतो: सातला एळु आणि एडु, कोंबडीला कोळि आणि कोडि. तो वर्ण आपला ळ नव्हे बरं का. आपला ळ तमिळमध्ये वेगळा आहेच, शिवाय ल, आणि शिवाय हा तिसरा. जीभ मागे वळवायची पण टाळूला लावायची नाही. मला अजून जमत नाही.

कानानं ओळखायची खूण म्हणून लोक सांगतात की तेलुगू शब्द स्वरात संपतात. खरं आहे. तेलुगू लोक आपल्या भाषेला अभिमानानं ‘अजंत’ म्हणतात. त्याचा अजिंठ्याच्या लेण्यांशी संबंध नाही. संस्कृत व्याकरणात अच् म्हणजे स्वर, अच् ज्याच्या अंती तो अजन्त. तमिळ पुस्तकात दूध पाल्, पाय काल्, गाव ऊर्. तेलुगूत पालु, कालु, ऊरु. पण या खुणेवर फार विसंबू नका. चेन्नईच्या रस्त्यावर तमिळ माणूसही पालु, कालु, ऊरु असंच म्हणतो, शेवटी हलकासा उ जोडून. पुस्तकातली तमिळ आणि तोंडातली तमिळ यांच्यात मोठी दरी आहे. तेलुगूतही ती होती. गिडुगु राममूर्तींनी बोलीभाषेतून लिहायचं यासाठी चळवळ केली आणि ती दरी पुष्कळ बुजली. त्यांच्या जन्मदिवशी, २९ ऑगस्टला, तेलुगू भाषा दिन असतो.

माझ्या मते खरा फरक व्याकरणात आहे, आणि त्यातला एक मराठी माणसाला चटकन कळेल. ‘हा वाघ नव्हे, कुत्रा आहे’ आणि ‘घरात वाघ नाही’. नव्हे आणि नाही. तेलुगूत हा भेद काटेकोर पाळतात. ‘अदि पुलि कादु’, तो वाघ नव्हे. ‘इंट्लो पुलि लेदु’, घरात वाघ नाही. कादुच्या जागी लेदु म्हटलं की तुम्ही परके आहात हे लगेच कळतं. बोलीतल्या तमिळमध्ये दोन्हीकडे एकच: ‘अदु पुलि इल्ल’, ‘वीट्ल पुलि इल्ल’. पूर्वी तमिळमध्येही भेद होता, लेखी भाषेत ‘नव्हे’साठी ‘अल्ल’ अजून सापडतो. पण बोलण्यात इल्लनं त्याला खाऊन टाकलं. आपल्याकडे काय चाललंय? ‘हा माझा पेन नव्हे’ असं आज किती जण म्हणतात? बहुतेक जण ‘हा माझा पेन नाहीये’ म्हणतात. या बाबतीत मराठी तेलुगूच्या गावाहून तमिळच्या गावाला निघालीय.

दुसरा फरक लिंगाचा. तमिळमध्ये तो आला ‘वंदान्’, ती आली ‘वंदाळ्’, ते (कुत्रं, बस, पाऊस) आलं ‘वंददु’. तीन लिंगं, मराठीसारखी. फक्त माणसं सोडून बाकी सगळं नपुंसक. तेलुगूत एकवचनात दोनच खाती: पुरुष, आणि उरलेलं सगळं जग. तो आला ‘वच्चाडु’. ती आली ‘वच्चिंदि’, कुत्रा आला ‘वच्चिंदि’, बस आली तरी ‘वच्चिंदि’. हे ऐकून माझ्या बायकोनं जी भुवई उंचावली ती अजून खाली आलेली नाही. तिला सांगितलं की आदरार्थी बोलताना बाईसाठीही ‘वच्चारु’ येतं, पुरुषासारखंच. फारसा उपयोग झाला नाही.

पुरुष एकीकडे आणि बाकी सगळं दुसरीकडे, ही वाटणी गोंडीतही आहे आणि हा योगायोग नाही. भद्रिराजू कृष्णमूर्तींसारख्या भाषाशास्त्रज्ञांनी तेलुगूला गोंडी, कुई, कुवी यांच्या पंगतीत बसवलंय. तमिळ वेगळ्या पंगतीत आहे, मलयाळम, कन्नड आणि तुळूसोबत. म्हणजे तेलुगूची जवळची बहीण चेन्नईत नाही, आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात बोलली जाते. तमिळ तिची चुलत बहीण. आणि ही चुलत नातीही कुणीतरी सिद्ध करावी लागली होती. फ्रान्सिस एलिस या मद्रासच्या अधिकाऱ्यानं १८१६ साली तमिळ, तेलुगू आणि कन्नड यांचं मूळ एक असून ते संस्कृत नाही, हे शब्दांच्या मूळ धातूंच्या याद्या समोर ठेवून दाखवलं.

संस्कृतवरून आठवलं. तेलुगूनं संस्कृत शब्द हात न आखडता घेतले आणि त्यासाठी ख, घ, भ, ध सगळी अक्षरं लिपीत ठेवली. तमिळमध्ये प, फ, ब, भ या चौघांना मिळून एकच अक्षर; गांधींच्या नावाचं पहिलं अक्षर ‘का’चंच. त्यात १९१६च्या सुमाराला शुद्ध तमिळची चळवळ उभी राहिली. तिचे प्रवर्तक स्वामी वेदाचलम् यांनी स्वतःचं नावही तमिळ करून घेतलं: वेदाला मरै, अचलाला मलै, म्हणून मरैमलै अडिगळ. आज भेटल्यावर तमिळ माणूस ‘वणक्कम्’ म्हणतो, तेलुगू माणूस ‘नमस्कारम्’. आभार मानताना एक ‘नन्ड्रि’ म्हणतो, दुसरा ‘धन्यवादालु’. ही खूण मात्र चुकत नाही. पाटी वाचता येत नसेल तरी बघा: अक्षरांच्या डोक्यावर ठिपके असतील तर तमिळ, बरोबरच्या खुणेसारखे तुरे असतील तर तेलुगू. (कन्नडचा आणि तेलुगूचा घोळ हा वेगळा लेख होईल.)

आणि एक सावधगिरी. तेलुगू घरात दारातच तुम्हाला ‘रंडि, रंडि’ म्हणतील. दचकू नका. ते आदरानं ‘या, या’ म्हणताहेत. तमिळ घरात तेच ‘वांग, वांग’.

तुमच्या आकड्यांकडे परत येतो. नालच्या पुढची मोजणी गावोगावी वेगळी ऐकू येते. सोलापुरात आमच्या गल्लीत आर म्हणायचे, आणि तो तेलुगूतला सहा आहे, पाच नव्हे. पाच म्हणजे ऐदु, तो आम्ही कुठे सांडला देव जाणे. तुमच्याकडे नालनंतर काय म्हणत होते?