‘सम’ म्हणजे आपला ‘वाणा’

मुलीने आमचा वर्ग गोंगाटाचा आहे या अर्थाने ‘अवर क्लासरूम इज नॉइसम’ असं लिहिलं, बाईंनी त्यावर काट मारली, आणि आता शेवटी ‘सम’ (some) हा प्रत्यय लागलेल्या इंग्रजी शब्दांचे अर्थ लावायचे तरी कसे, असा तुमचा प्रश्न आहे. काट योग्यच आहे. पण मुलीला ओरडू नका. तिने जो तर्क लावला तो या कुळातल्या बहुतेक शब्दांना लागू पडतो, नेमका याच शब्दाला पडत नाही.

आधी एक गैरसमज काढू. हा ‘सम’ म्हणजे ‘काही, थोडे’ वाला सम नव्हे, स्पेलिंग तेच असलं तरी. त्याचं नातं ‘सेम’ या शब्दाशी आहे, आणि ‘सेम’चं आपल्या संस्कृत ‘सम’शी. म्हणजे देवनागरीत आपण जे लिहितो ते योगायोगाने त्याच्या लांबच्या भावंडाचंच नाव. जर्मन शिकणाऱ्यांना हाच प्रत्यय ‘झाम’ म्हणून भेटतो: आइनझाम म्हणजे एकाकी, लांगझाम म्हणजे सावकाश.

शाळेत 28 वर्षं इंग्रजी शिकवताना मला एक युक्ती फार उपयोगी पडली. ‘सम’ दिसला की मराठीतला ‘वाणा’ आठवायचा. टायरसम म्हणजे कंटाळवाणा, लोदसम म्हणजे किळसवाणा, लोनसम म्हणजे उदासवाणा, विन्सम म्हणजे लोभसवाणा. (विन्सममध्ये जिंकणं शोधू नका. जुन्या इंग्रजीत ‘विन’सारखाच एक शब्द आनंदासाठी होता, तो त्यात लपलाय.) जिथे माणसाची खोड सांगायची असते तिथे ‘वाणा’ऐवजी ‘खोर’ बसतो: क्वॉरलसम म्हणजे भांडखोर. मेडलसमला मात्र लुडबुड्याच म्हणावं लागतं.

या युक्तीने वापरातली सगळ्यात मोठी चूकही टळते. दमलेली मुलं हमखास ‘आय अ‍ॅम टायरसम’ लिहितात. त्याचा अर्थ ‘मी कंटाळवाणा माणूस आहे’ असा होतो. कंटाळलेला तो टायर्ड, कंटाळा आणतो तो टायरसम. तसंच फिअरफुल आणि फिअरसमचं. घाबरलेलं पिल्लू फिअरफुल, आणि ज्याला बघून ते घाबरलं तो कुत्रा फिअरसम. फिअरफुल कधीकधी ‘भयंकर’ या अर्थानेही येतो, पण नववीच्या मुलीने सध्या एवढंच धरून चालावं.

आता फसवे शब्द. पहिला अर्थातच नॉइसम. त्यात नॉइज नाहीच, ‘अ‍ॅनॉय’चं तुटलेलं शेपूट आहे. अर्थ आधी अपायकारक असा होता. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये, 91 व्या स्तोत्रात, रोगराईला हेच विशेषण लावलंय. पुढे तो घाणेरड्या वासाला चिकटला. गोंगाटाच्या वर्गाला नॉइझी म्हणायचं. नॉइसम म्हटलं तर वर्गात उंदीर मेलाय असं वाटेल.

दुसरा फुलसम, आणि इथे मी स्वतः आपटले आहे. एका सहकारी बाईंच्या निवृत्तीच्या स्मरणिकेत ‘फुलसम प्रेज’ असं लिहिलं, भरभरून कौतुक या अर्थाने. एका जुन्या सरांनी बाजूला घेऊन विचारलं, ‘बाईंवर राग आहे का तुमचा?’ फुलसम स्तुती म्हणजे तोंड पुसून काढावंसं वाटेल इतकी साखर घातलेली. शब्दाचा मूळ अर्थ विपुल असाच होता, आणि आजही काही जण भरघोस म्हणून वापरतात, पण वाचणारा कोणता अर्थ घेईल याचा नेम नाही. मी तेव्हापासून त्याच्या वाटेला जात नाही.

हँडसमची गोष्ट गमतीची आहे. हँड म्हणजे हात, म्हणून मुळात हाताळायला सोपं ते हँडसम. मग सोयीचं, मग भरघोस, आणि देखणेपण या सगळ्याच्या मागून आलं. ‘हँडसम पॅकेज’ म्हणतो तेव्हा त्यातलाच एक जुना अर्थ आपण जपत असतो. बक्सम तर याहून लांब भरकटला. त्यातला पहिला भाग वाकण्याचा, म्हणजे वाकणारा, आज्ञाधारक. मध्ययुगीन इंग्लंडात वधू लग्नाच्या शपथेत ‘बक्सम’ राहीन असं म्हणायची. आज हा शब्द भरल्या अंगाच्या बाईसाठी वापरतात, तेव्हा निबंधात नकोच.

ऑसमवर चिडून उपयोग नाही. ‘ऑ’ म्हणजे दरारा, धाक. कडाडणाऱ्या विजेला शोभणारा शब्द आता वडापावला लागतो. गंमत अशी की त्याच ‘ऑ’ला ‘फुल’ जोडलं की ऑफुल होतं, आणि तो वडापाव कोणी खाणार नाही.

कंबरसम म्हणजे बोजड, ट्रबलसम म्हणजे त्रासदायक, ग्रूसम म्हणजे अंगावर काटा आणणारं. यांत खाचखळगे नाहीत. टूसम, थ्रीसममधला प्रत्यय निराळा, आणि क्रोमोसोममधला ‘सोम’ तर ग्रीक, शरीर या अर्थाचा. शिवाय हा प्रत्यय मनाला येईल तिथे डकवता येत नाही. ‘हेल्पसम’सारखे शब्द आज वापरात नाहीत, कितीही बरोबर वाटले तरी.

तुमच्या मुलीला वाक्य बदलायचंच असेल तर शब्द ठेवू दे आणि जागा बदलू दे. पावसाळ्यात चार दिवस न उचललेली कचराकुंडी, तिला नॉइसम म्हटलं तर बाई बरोबरची खूण करतील.