उतरवलेल्या तारा : एकल चेलोविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हंगेरियन संगीतकार झोल्तान कोदाई यांच्या एकल चेलो सोनाटासाठी (ओपस ८) वाद्य वेगळे का लावावे लागते?

उत्तर : चेलो हे व्हायोलिनच्या कुळातले, गजाने वाजवायचे मोठे वाद्य. त्याच्या तारा खर्जाकडून वर सी, जी, डी, ए या पाश्चात्त्य स्वरांवर लावतात. १९१५ साली रचलेल्या या सोनाटात (अनेक भागांच्या वाद्यरचनेत) सी आणि जी या तारा अर्ध्या स्वराने उतरवून अनुक्रमे बी आणि एफ शार्पवर आणतात. त्यामुळे खालच्या तीन मोकळ्या तारांतूनच बी मायनरची (बी हा मूळ स्वर असलेली) स्वरसंगती उभी राहते, आणि डावा हात वर सुरावटीत गुंतलेला असतानाही मूळ स्वराचा भरदार आधार मिळतो. मात्र उतरवलेल्या तारांवर नेहमीच्या जागी बोट ठेवले की स्वर अर्ध्याने खाली लागतो, त्यामुळे वादकाला हाताची जुनी सवय बाजूला ठेवावी लागते.

प्रश्न : या सोनाटात हंगेरियन लोकसंगीत नेमके कोठे ऐकू येते? मला तर केवळ कसरत जाणवली.

उत्तर : कोदाई १९०५ पासून खेडोपाडी जाऊन लोकगीते गोळा करत होते, आणि १९०६ मध्ये त्यांनी संगीतकार बेला बार्टोक यांच्यासह अशा गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. पहिल्या भागातील बोलण्याच्या लयीत सुटणारी वाक्ये त्याच गायकीतून आली आहेत. दुसऱ्या भागात गजाने सुरावट चालू असताना डाव्या हाताची बोटे तारा छेडतात, तर अखेरच्या नृत्यमय भागात लोकवाद्यांच्या नादाचा भास होतो. कसरत आहेच, हे मान्य. पण एका वाद्यातून गायक आणि साथीदार दोघेही ऐकवायचे असल्यामुळे ती आवश्यक ठरते, असे माझे मत आहे.

प्रश्न : इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचे एकल चेलोसाठीचे तीन सुइट म्हणजे बाखचे अनुकरणच ना?

उत्तर : एकट्या चेलोसाठी सुइट, म्हणजे छोट्या भागांची मालिका, लिहिण्याची कल्पना अठराव्या शतकातील जर्मन संगीतकार बाखची, आणि चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी बाखचे सुइट मैफलीत रुजवले नसते, तर विसाव्या शतकात या प्रकाराकडे इतके संगीतकार वळले असते का, अशी शंका मला वाटते. पण ब्रिटन यांनी १९६४, १९६७ आणि १९७१ मध्ये हे सुइट चेलोवादक म्स्तिस्लाव्ह रोस्त्रोपोविच यांच्यासाठी लिहिले, आणि त्या वादकाची ताकद त्यांत पदोपदी जाणवते. पहिल्या सुइटमधील ‘बोर्दोने’ या भागात डी हा स्वर धरून ठेवलेला असतो. तंबोऱ्याला सरावलेल्या कानांना तो ओळखीचा वाटेल, पण येथे तो विसावा देत नाही, कारण त्याच्या वर आणि खाली सुरावटीचे तुकडे सतत त्याला छेद देत राहतात. तिसऱ्या सुइटमध्ये रशियन लोकगीते आणि मृतांसाठीचे एक प्रार्थनागीत यांचा उपयोग आहे. तेथे आधी त्यांचे बदललेले अंश ऐकू येतात आणि मूळ चाली अगदी शेवटी येतात.

प्रश्न : ग्रीक वंशाचे संगीतकार झेनाकिस यांचे एकल चेलोसाठीचे ‘नोमोस आल्फा’ ऐकावे का?

उत्तर : अवश्य, परंतु कोदाईनंतर. १९६६ मधील या रचनेमागे गणितातील समूहसिद्धान्त (ग्रुप थिअरी) आहे, आणि तीत सी ही तार तब्बल एका सप्तकाने उतरवावी लागते. कोदाईंच्या सोनाटात उतरवलेली तार स्वरसंगतीला बळ देते. येथे मात्र सैल तारेची घरघर हाच ऐकण्याचा विषय बनतो.