अँटिबायोटिक चालू आहे म्हणून लस थांबवू नका

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. बाळ दहा महिन्यांचं, सारखी सर्दी, छाती भरलेली, तिसरं अँटिबायोटिक चालू, चौदा आठवड्यांची लस राहिलेली आणि केंद्रावर सांगतात "कोर्स संपवून या". आमच्या धाकटीचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

कोल्हापुरातल्याच एका केंद्रानं (नाव घेत नाही) आम्हाला दर वेळी परत पाठवलं. कार्डावर पीसीव्हीच्या (न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूवरची लस) रकान्यात पेन्सिलीनं तारीख घालायची, खोडायची, परत घालायची. तिथला कागद पार विरला. त्यातच पोरीला न्यूमोनिया झाला, तोंडावाटेच्या औषधांनी काही फरक पडेना, शेवटी इंजेक्शनं द्यावी लागली. लस मिळाली असती तर हे टळलंच असतं असं म्हणत नाही. पण साधी सर्दी, बारीक ताप किंवा चालू अँटिबायोटिक हे या लसी अडवायचं कारणच नाही! बालरोगतज्ज्ञांनी तसं चिठ्ठीवर लिहून दिलं, तेव्हा कुठं दुसऱ्या केंद्रावर डोस मिळाला. तुम्हीही तशी चिठ्ठी मागून घ्या. बाळ ॲडमिट असेल किंवा ताप जास्त असेल तर मात्र डॉक्टर म्हणतील तसं.

चीड याची येते, की लस नाही म्हणून आजार, आजार म्हणून अँटिबायोटिक आणि अँटिबायोटिक म्हणून लस नाही. प्रत्येक कोर्सात साधे जंतू मरतात, औषधाला न जुमानणारे मागे उरतात. लस मात्र दोघांनाही सारखीच अडवते. अमेरिकेत 2000 साली न्यूमोकोकसची लस सुरू झाली आणि लहान मुलांमधले औषधाला दाद न देणारे गंभीर आजारही झपाट्यानं घटले. पुढं लशीत नसलेला या जंतूचा 19ए प्रकार वाढला, म्हणून 2010 मध्ये तो धरून 13 प्रकारांची लस आणली. आपल्याकडे ही लस सरकारी कार्यक्रमात 2017 पासून टप्प्याटप्प्यानं आली, 2021 मध्ये देशभर. फुकट मिळते, मग हक्कानं मागा.

थोरल्याचं उरलेलं सिरप धाकट्याला अजिबात देऊ नका. टायफॉईडच्या लशीचंही विचारा, त्याचे जंतूही आता बऱ्याच औषधांना दाद देत नाहीत.

लस पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिलेला डोस पुढं चालू करतात. गोवर-रुबेला राहिली असेल तर तीही पीसीव्हीबरोबर त्याच दिवशी देता येते, वेगळा हेलपाटा नको.