गाडी मागितली तर द्या, पण हे बघून

भावा, दारात नवी गाडी आली की जोतिबाला, गगनबावड्याला जायला पाव्हणे मागणारच. द्यायला हरकत नाही. विमा गाडीचा असतो, तुझ्या परवानगीनं दुसऱ्यानं चालवली तरी लागू राहतो. पण त्याचं लायसन स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मुदत संपलेलं किंवा नुसतं दुचाकीचं असेल तर चावी देऊ नको. कोणाला धडक बसली तर कोर्ट कंपनीला भरपाई द्यायला लावू शकतं, पण ती रक्कम कंपनी नंतर मालकाकडून, म्हणजे तुझ्याकडून वसूल करते. अठराच्या आतल्या पोराचा तर विषयच काढू नको: 25,000 रुपये दंड आणि मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त मालक-चालकाला असतं. गाडी चालवताना मित्राला काही झालं, तर त्याच्या घरच्यांना त्यातून काही मिळत नाही. इतरांसाठीचं वेगळं कव्हर थोड्या पैशात मिळतं, पण ते गाडी चालवणाऱ्यालाही लागू होतं का हे कंपनीला विचारूनच घे.

ठोकर त्यानं दिली तरी गाडीच्या नुकसानीचा क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुझीच जाते. किरकोळ ओरखडा त्याच्याकडूनच दुरुस्त करून घे. डिझेल भरून दिलं तर चालतंय, भाडं मात्र घेऊ नको. खासगी गाडी भाड्यानं दिली म्हणून क्लेम नाकारतात.