म्हशीला रेबीज झालाय का, हे रक्त तपासून कळतं का? (करवीर तालुका, महिन्यापूर्वी कुत्रं चावलंय, आता लाळ गळते)

नाही. जनावर जिवंत असताना खात्रीनं सांगणारी चाचणी नाही. पक्कं निदान मेल्यावरच होतं: मेंदूचा, विशेषतः मेंदूच्या देठाचा आणि लहान मेंदूचा तुकडा बर्फात ठेवून प्रयोगशाळेत फ्लुरोसंट अँटिबॉडी चाचणीला पाठवतात. तोवर डॉक्टर लक्षणांवरूनच अंदाज बांधतात: आवाज बसून सारखं रेकणं, गिळता न येणं, मागचे पाय लुळे पडणं, वारंवार कुंथणं. चावल्याची जखम दिसेलच असं नाही.

आपल्याकडं खरा घोळ इथं होतो. लाळ गळाली की वाड्याचा (उसाच्या हिरव्या शेंड्याचा) तुकडा घशात अडकला म्हणून माणसं सरळ तोंडात हात घालतात. तेवढं अजिबात करू नका! म्हैस वेगळी बांधा, सरकारी पशुवैद्यकाला बोलवा. कच्चं दूध कुणाला देऊ नका, धारही काढू नका.

लाळ हाताच्या जखमेला किंवा डोळ्या-तोंडाला लागली असेल तर रिपोर्टची वाट बघू नका. जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा (डोळे-तोंड नुसत्या पाण्यानं) आणि त्याच दिवशी सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. रेबीज असेल तर म्हैस बहुधा दहा दिवसांत जाते. मेल्यावर कातडं काढू देऊ नका.