जुना, विश्वासू अकाउंटंट आणि हातात जीएसटीची नोटीस : संशय घ्यावा का?

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पुण्यात धायरीला इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान, वर्षाला ८०-८५ लाखांची उलाढाल, पाच वर्षं एकच अकाउंटंट सगळं बघतोय, आता जीएसटीची डीआरसी-०१सी (जास्त क्रेडिट का घेतलं असं विचारणारी नोटीस) आलीये आणि तो म्हणतोय 'शेठ, टेन्शन घेऊ नका, सिस्टमचा एरर आहे'. तुम्हाला झोप लागत नाहीये, पण विचारलं तर जुना माणूस दुखावेल अशी भीतीही वाटतेय.

मी स्वतः पार्टटाइम अकाउंटंट आहे, रविवार पेठ, नाना पेठ आणि भोसरीकडची मिळून नऊ-दहा दुकानांची खाती लिहितो. म्हणजे तुम्हाला ज्या जमातीचा संशय येतोय त्यातलाच एक. त्यामुळे आमच्यातले लोक नेमकं कुठे हात मारतात हे मला जरा जास्त माहितीये, आणि बिचारे कुठे उगाच बदनाम होतात तेही.

आधी नोटिशीचं बघू. तुम्ही तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रिकलच्या होलसेल बाजारातून, वायर, एमसीबी, फिटिंग वगैरे उचलता, तो होलसेलर त्याच्या जीएसटीआर-१ मधे, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमधे, तुमचं बिल टाकतो, मग ते तुमच्या टू-बी मधे, म्हणजे पोर्टल आपोआप बनवतं त्या खरेदीच्या यादीत, दिसतं. टू-बी १४ तारखेला तयार होते, तिमाही रिटर्नवाले असाल तर तिमाही संपल्यावरच्या १४ ला. आता थ्री-बी, म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न, भरताना टू-बीत दिसतं त्याच्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं की ही डीआरसी-०१सी आपोआप पडते, कुणी साहेब बसून काढत नाही. म्हणून 'सिस्टम' हा शब्द खरा आहे, 'एरर' खरा असेलच असं नाही. फरक पडायला सरळ कारणंही असतात, मागे उलटवलेलं क्रेडिट आता परत घेतलं असेल, किंवा सप्लायरने बिल उशिरा चढवलं आणि तुमच्या माणसाने हातात बिल आहे म्हणून आधीच क्रेडिट घेऊन टाकलं असेल. हे दुसरं नियमात बसत नाही, २०२२ पासून टू-बीत दिसल्याशिवाय घेता येत नाही, पण ती चूक झाली, चोरी नाही. दोन्हीत फरक करायचा तर कागद बघावे लागतील, माणसाचं तोंड बघून काही कळत नाही हो.

आता एक किस्सा सांगतो. नाना पेठेत गाडीच्या स्पेअर पार्टचं दुकान असलेले एक काका आहेत, दोन-अडीच वर्षांपूर्वी त्यांचं काम माझ्याकडे आलं. आधीचा कन्सल्टंट दर महिन्याला यायचा, चहा घ्यायचा, 'काका या महिन्याला २७ हजार' म्हणायचा, काका गल्ल्यातून कॅश काढून द्यायचे आणि तो दोन दिवसांनी चलनाची प्रिंट आणून फाईलला लावायचा. फाईल बघाल तर काय सुंदर, एकेक चलन महिन्याप्रमाणे, पंच करून, वर पेनाने रक्कम आणि गोल. काकांनी ती माझ्यासमोर मोठ्या अभिमानाने ठेवली. मी पहिलं चलन उचललं, त्यावर सीपीआयएन होता, चौदा आकडी. सीआयएन कुठेच नाही. दुसरं उचललं, तेच. तिसरं, तेच. सीपीआयएन म्हणजे चलन नुसतं तयार केलंय, सीआयएन हा सतरा आकडी नंबर पैसे बँकेत जमा झाल्यावरच पडतो. चलन तयार करायला एक रुपया लागत नाही, आणि पंधरा दिवसांत भरलं नाही तर ते आपोआप बाद होतं. काकांकडे चौदा महिन्यांची बाद चलनं नीट पंच करून ठेवली होती.

तुम्ही म्हणाल, मग रिटर्न कसं भरलं, कारण टॅक्स भरल्याशिवाय थ्री-बी फाईल होत नाही. तिथेच तर गंमत आहे. त्याने जीएसटीआर-१ अगदी टायमावर आणि खरं भरलं, म्हणजे काकांच्या गिऱ्हाइकांना त्यांचं क्रेडिट मिळत राहिलं आणि कुणाचा फोन आला नाही. आणि थ्री-बीत खरेदीचं क्रेडिट फुगवून रोख भरायची रक्कम शून्यावर आणली. काकांना बाहेरून शंका यायला जागाच नाही, रिटर्न फाईल झाल्याचा मेसेजही बरोबर यायचा. कुणाला यायचा तर कन्सल्टंटला, कारण पोर्टलवर मोबाईल नंबर त्याचा!

आणि दोन कोटींच्या आतल्या धंद्याला जीएसटीआर-९, म्हणजे वार्षिक रिटर्न, माफ असतं. वर इन्कम टॅक्सला अंदाजी पद्धतीने नफा दाखवत असाल तर ऑडिटही नाही. दुकानदाराला ही सवलत वाटते आणि आहेच, पण त्याचा अर्थ असाही होतो की तुमची वही दुसऱ्या कुणाच्या डोळ्याखालून जातच नाही. लिहिणारा एक, भरणारा तोच, तपासणाराही तोच. आमचे एक जुने दिवाणजी म्हणायचे, किल्ली आणि वही एका खिशात ठेवू नये.

तर आज रात्री शटर ओढलं की पहिलं काम, जीएसटी पोर्टलला स्वतः लॉगिन करा. पासवर्ड नाही म्हणालात तर तेच तुमचं पहिलं उत्तर आहे. 'फरगॉट पासवर्ड' केल्यावर ओटीपी कुणाच्या फोनवर जातो ते बघा, त्याच्या जात असेल तर पोर्टलच्या रजिस्ट्रेशन भागात नॉन-कोअर (म्हणजे अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय होणाऱ्या) बदलातून मोबाईल आणि ईमेल तुमचा करून घ्या, आणि तो ओटीपी द्यायला टाळाटाळ करत असेल तर पॅन आणि धंद्याचे कागद घेऊन तुमच्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जा, ते तिथून बदलून देऊ शकतात. मग आत गेल्यावर चलन हिस्टरी उघडा आणि तुम्ही त्याला दिलेले पैसे एकेका महिन्याला 'पेड' दिसतायत का ते जुळवा. त्यानंतर कॅश लेजर, म्हणजे पोर्टलवर तुमच्या नावावर रोख किती जमा झाली त्याचं खातं. अर्ध्या तासाचं काम आहे, दुकानातला माल मोजणारा माणूस हे सहज करू शकतो. शेवटी टू-बी आणि थ्री-बीतलं क्रेडिट शेजारी शेजारी ठेवा. फरक एका-दोन सप्लायरच्या नावावर सापडला आणि ती बिलं तुमच्या फाईलला आहेत, माल आलाय, तर माणूस आळशी आहे, चोर नाही. फरक गोल आकड्यात असेल, २०,०००, ३०,०००, आणि कुठल्याच बिलाशी लागत नसेल तर मग मात्र खुर्ची सरसावून बसा.

बिल आहे पण तो सप्लायर तुम्ही जन्मात ऐकलेला नाही, असंही निघतं कधीकधी. बोगस बिल विकणाऱ्या पार्ट्या असतात, कमिशनवर चालतं सगळं. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर' मधे टाका, लॉगिनही लागत नाही, नाव, पत्ता, नंबर चालू आहे का रद्द झालाय, रिटर्न भरतोय का, सगळं दिसतं. पुण्यातला म्हणतोय आणि नंबरची सुरुवात २७ ने नाही तर तिथेच थांबा, २७ म्हणजे महाराष्ट्र.

आता एक कडू बोलतो, राग मानू नका. नाना पेठेतल्या काकांनी त्या कन्सल्टंटवर केस केली का? नाही केली. कारण अर्धा माल कच्च्या बिलावर जायचा आणि ती कच्च्याची डायरी त्याने डोळ्यांनी बघितली होती, नव्हे काही पानं त्याच्याच अक्षरात होती. तो नुसतं एवढंच म्हणाला, 'काका, मग मलाही बोलावं लागेल.' काका गप्प. टॅक्स त्यांनी परत भरला, वर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, डीआरसी-०३ ने (आपणहून टॅक्स भरायचा फॉर्म), स्वतःच्या खिशातून, कारण कायद्याला तुमच्या अकाउंटंटचं नाव माहीत नसतं, नंबर ज्याच्या नावावर तो जबाबदार. मी गेली वीसेक वर्षं हे बघतोय, मालकाला लुबाडणाऱ्याला मालकाचं एक तरी गुपित माहीत असतंच. तुमच्याकडे असं काही असेल तर ते आधी बंद करा, मला इथे सांगू नका.

टॅक्स सोडून वसुलीकडेही एकदा नजर टाका, कारण इलेक्ट्रिकलच्या धंद्यात कॉन्ट्रॅक्टरची उधारी भरपूर आणि ती आणायला कोण जातं? तोच किंवा दुकानातला पोरगा. याची टोपी त्याच्या डोक्यावर असा खेळ चालतो, म्हणजे एका कॉन्ट्रॅक्टरचे आलेले पैसे खिशात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचे आले की ते पहिल्याच्या नावावर जमा, मग तिसऱ्याचे दुसऱ्याच्या. वहीत सगळ्यांची उधारी थोडी थोडी उशिरा फिटताना दिसते, बस्स एवढंच. असा माणूस कधी सुट्टी घेत नाही, ताप असला तरी येतो, आणि आपण म्हणतो किती प्रामाणिक! त्याला चांगली आठ दिवस सुट्टी द्या आणि तुम्ही स्वतः पाच-सहा कॉन्ट्रॅक्टरना फोन करून 'तुमच्याकडे आमचं किती राहिलंय' विचारा. आणि टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधे) सस्पेन्स खातं उघडून बघा, ज्याचं उत्तर नाही ते सगळं तिथे कोंबलेलं असतं. सही केलेले कोरे चेक दुकानात असतील तर उत्तर वाचायचं थांबवा आणि आधी ते फाडून या.

त्याच्याशी बोलायचं कसं हे तुम्ही विचारलंय. आरोप करू नका, हिशेब मागा. 'बँकेने लोनसाठी मागितलंय, सगळी चलनं आणि थ्री-बी बसून काढू' असं काहीतरी बोलायची गरज नाही, दुकान तुमचं आहे, सरळ म्हणा की उद्यापासून टॅक्स मी माझ्या नेटबँकिंगने भरणार, तू चलन बनव, ओटीपी माझ्याकडे येईल. सरळ माणसाला याने सुटल्यासारखं वाटतं, मला तरी वाटलं होतं जेव्हा भोसरीच्या एका शेठनी असं केलं, कारण दुसऱ्याचे पैसे हातात घेऊन फिरायचा ताप गेला. जो याच्यावर रुसतो त्याचं रुसणं थोडं नीट बघा.

नोटीस कधी आली ते तुम्ही लिहिलेलं नाहीये. उत्तर द्यायला सात दिवस असतात, पोर्टलवरच पार्ट बी मधे, एकतर जास्तीचं क्रेडिट व्याजासकट भरलं असं सांगायचं नाहीतर कारण लिहायचं. नाही दिलं तर पुढचं जीएसटीआर-१ अडकतं, मग तुमच्या कॉन्ट्रॅक्टरना क्रेडिट मिळणार नाही आणि ते दुकानात येऊन ओरडतील. तारीख बघा आणि कमेंटमधे टाका, किती दिवस उरलेत ते मोजू.