इलेक्ट्रॉन एनर्जी गमावायच्या ऐवजी कमावतोय, तेव्हा

पदार्थातून जाताना इलेक्ट्रॉन किती एनर्जी गमावतो ते काढणारा तुझा कोड बघितला, बग वगैरे काही नाहीये त्यात. सोन्यात ५०० ईव्हीचा (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एनर्जीचं एकक) इलेक्ट्रॉन सोडला की त्याची एनर्जी वाढत जातेय, ही करामत बेथेच्या फॉर्म्युल्याची आहे. १९३० सालचा फॉर्म्युला, स्टॉपिंग पॉवर (ठराविक अंतरात कण सरासरी किती एनर्जी गमावतो) सांगणारा, जोरात पळणाऱ्या कणांसाठी काढलेला. लॉगच्या आत काय आहे बघ, इलेक्ट्रॉनची एनर्जी गुणिले १.१६६ भागिले 'जे', म्हणजे त्या मटेरियलची मीन एक्सायटेशन एनर्जी (त्यातल्या इलेक्ट्रॉनना उत्तेजित करायला लागणारी एक प्रकारची सरासरी एनर्जी). सोन्याचा 'जे' साधारण ७९० ईव्ही, म्हणजे ६८०च्या आसपास लॉग शून्य आणि त्याखाली थेट उणे!

असं का होतं ते मात्र नीट समजून घे. सोन्याच्या एम शेलमधले (अणूच्या आतल्या कक्षेतले) इलेक्ट्रॉन बाहेर काढायला २ केईव्हीच्या (२००० ईव्ही) वर लागतात, तुझा ५०० ईव्हीवाला त्यांना हातही लावू शकत नाही, तरी त्या सरासरी 'जे'मधे त्यांचा हिशोब धरलेला आहेच. जॉय आणि लुओ यांनी १९८९ मधे 'जे' इलेक्ट्रॉनच्या एनर्जीप्रमाणे बदलता केला, त्याने उणे आकडे थांबतात आणि एसईएमच्या (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) सिम्युलेशनला ते चालूनही जातं, पण ते ठिगळ आहे. त्याच्या जोरावर थिसिसमधे १० ईव्हीपर्यंत ग्राफ ओढू नकोस, परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारणार.

खरा रस्ता डायलेक्ट्रिक फंक्शनचा, म्हणजे मटेरियल विद्युत क्षेत्राला कसं उत्तर देतं त्याचा. ऑप्टिकल डेटा (मटेरियलवर प्रकाश टाकून केलेली मोजमापं) घ्यायचा, त्यातून एनर्जी लॉस फंक्शन (एका टकरीत किती एनर्जी जाण्याची किती शक्यता) काढायचं, मग पेनच्या १९८७च्या पद्धतीने किंवा मर्मिन मॉडेलने ते मोमेंटम ट्रान्सफर शून्य नसतानाही वाढवायचं. कारण ऑप्टिकल मोजमाप फक्त शून्य मोमेंटमचं सांगतं, पुढचं सगळं मॉडेलच्या भरवशावर, आणि एनर्जी जितकी कमी तितका हा भरवसा जास्त महागात पडतो. सुरुवात अ‍ॅल्युमिनियमपासून कर, १५ ईव्हीला एकच टोकदार प्लाझमॉन (सगळ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनचं एकत्र डोलणं), चुकलं तर लगेच दिसतं. सोन्यात डी इलेक्ट्रॉनमुळे सगळं पसरट आणि खिचडी, तिथे चूक सहज लपते.

आणि पुढे जायच्या आधी सम रूल तपास, प्लीज. एफ-सम, म्हणजे डेटावरून मोजलेले अणूमागचे इलेक्ट्रॉन, अ‍ॅल्युमिनियमला १३च्या जवळ यायला हवा, सोन्याला ७९च्या. डेटा वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जोडून बनवलेला असतो आणि सांध्यावर उड्या असतात, हे लोक बघतच नाहीत आणि मग महिनाभर मॉडेलला शिव्या घालत बसतात. मला विचारशील तर या सगळ्या कामात सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी अर्धा दिवस हाच.

दुसरं म्हणजे स्टॉपिंग पॉवर ही सरासरी आहे हे विसरू नकोस. १०० ईव्हीचा इलेक्ट्रॉन अ‍ॅल्युमिनियममधे एका फटक्यात १५ ईव्ही घालवतो, मग काहीच नाही, मग पुन्हा फटका, त्याला 'सतत थोडं थोडं कमी होतंय' म्हणण्यात अर्थ नाही. तिथे मॉन्टे कार्लोने (यादृच्छिक आकड्यांच्या सिम्युलेशनने) एकेक टक्कर मोजायची, अणूला धडकून होणारी वळणं मॉट क्रॉस सेक्शनने. इन्इलास्टिक मीन फ्री पाथचा (एनर्जी घालवणाऱ्या दोन टकरींमधलं सरासरी अंतर) ताळा टीपीपी-२एम या तयार फॉर्म्युल्याशी करता येईल, तो मुळात ५० ते २००० ईव्हीसाठी बसवलेला आहे. त्याच्या खाली बॉर्न अप्रॉक्सिमेशनच (टक्कर हलकीशीच असते हे गृहीतक) डळमळतं, एक्सचेंज (इलेक्ट्रॉन एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत त्याचा परिणाम) धरावं लागतं, इन्सुलेटर असेल तर बँड गॅप आणि फोनॉन (अणूंच्या जाळीची कंपनं) सुद्धा. तुझ्या ईयूव्ही रेझिस्टसाठी (चिप बनवताना अतिनील प्रकाशाने नक्षी उमटवायचा थर) हे टाळता येणार नाहीये, १३.५ नॅनोमीटरचा फोटॉनच ९२ ईव्हीचा, त्यातून सुटलेला इलेक्ट्रॉन त्याहून कमीच असणार. तेव्हा तिथल्या आकड्यावर मोठी एरर बार दे, लाजू नकोस.

आणि हो, एसआरआयएम हे सॉफ्टवेअर वापर म्हणून तुला कोणी सांगितलं ते माहीत नाही, पण ते आयनसाठी आहे, इलेक्ट्रॉनसाठी नाही.